डोंगरावरचा सातबारा

सांगली, मिरज, इचलकरंजी, कऱ्हाड या पट्ट्यात हाताशी थोडा पैसा आला की माणसाच्या मनात एक विचार हल्ली हमखास येतो : वर कुठेतरी जागा घ्यावी. ‘वर’ म्हणजे महाबळेश्वर, पाचगणी, कास, बामणोली, तापोळा. अगदी जवळच हवी असेल तर शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीकडे. द्राक्षाचे चांगले साल गेलेला तासगावचा बागायतदार, मिरजेतला डॉक्टर, निवृत्तीचा फंड हातात आलेला शिक्षक, पुण्यात नोकरी करणारा मुलगा, सगळ्यांना तीच ओढ आहे. मेढ्याहून बामणोलीकडे वळले किंवा साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढला की फलक दिसू लागतात. तलावाचे दृश्य, फार्महाऊस प्लॉट, दहा-अकरा गुंठे, हप्त्याची सोय.

माझे मत आधीच सांगून टाकतो. गावठाणातले जुने घर किंवा रीतसर बिनशेती होऊन मंजूर रेखांकनात बसलेला प्लॉट सोडला, तर सातारा-सांगलीच्या घाटमाथ्यावर बाहेरच्या माणसाने आता नव्याने जमीन घेऊ नये. हे मत कसे झाले ते सांगायचे तर कायद्यापासून जांभ्या दगडापर्यंत आणि माल्कमपासून कोयनेच्या धरणग्रस्तांपर्यंत जावे लागेल.

महाबळेश्वर हे गिरिस्थान जन्मापासूनच करारावर उभे आहे. १८२४ साली कर्नल लॉडविक इथे चढून आला आणि १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने आजारी गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यस्थान वसवायला घेतले. ही जागा साताऱ्याच्या राज्यातली. छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी १८२९ मध्ये तह झाला आणि वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात इंग्रजांनी डोंगरमाथा मिळवला. गावठाणाला माल्कमपेठ हे नाव पडले. पुढे सरकारने बंगल्यांसाठी जागा दिल्या त्या मोठ्या प्रमाणात भाडेपट्ट्याने. म्हणून आजही महाबळेश्वरातले अनेक देखणे जुने बंगले मालकीच्या जमिनीवर नाहीत. मुदत, नूतनीकरण, शर्तभंग, वापरातला बदल हे सगळे प्रश्न त्यांच्या पाठीशी आहेत. २०२४ च्या जूनमध्ये भाडेपट्ट्याने दिलेल्या अशाच एका जिमखान्याच्या जागेवर रिसॉर्ट उभे असल्याचे प्रकरण गाजले आणि प्रशासनाने तिथल्या अनधिकृत खोल्यांवर हातोडा चालवला. त्या खोल्यांत राहून गेलेल्या कुणालाही जागा भाडेपट्ट्याची आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. विकत घेणाऱ्याला मात्र ते ठाऊक असलेच पाहिजे.

पाचगणीची घडण थोडी वेगळी. १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजाने दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली जागा हेरली आणि परदेशी झाडे लावून वसाहत जोपासली. सिल्व्हर ओकच्या रांगा ही त्या काळाची खूण. पुढे शाळा आल्या, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम आले. पावसाचा मारा महाबळेश्वरपेक्षा पुष्कळ कमी, त्यामुळे बाराही महिने राहता येते. बंगले आणि फ्लॅटची मागणी म्हणूनच पाचगणीत अधिक राहिली.

या दोन्ही गावांचा खरा कायदा १७ जानेवारी २००१ रोजी आला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली महाबळेश्वर-पाचगणी परिसर ‘पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र’ म्हणून जाहीर केला. या अधिसूचनेचे नाव सगळ्यांनी ऐकलेले असते, वाचलेली फार थोड्यांनी असते. तिचा गाभा असा : शेती, बागा, झाडी, मोकळी हिरवी जागा अशा ‘हिरव्या’ वापरातली जमीन ‘बिगर-हिरव्या’ वापराकडे वळवता येणार नाही. अपवाद आहे तो स्थानिक रहिवाशांच्या राहण्याच्या गरजेसाठी, त्यांच्या नैसर्गिक लोकसंख्यावाढीपुरता, आणि तोही फार मर्यादित. अपवाद कुणासाठी ठेवला आहे ते नीट पाहावे. मेटगुताडच्या शेतकऱ्याच्या धाकट्या मुलाला घर बांधता यावे म्हणून जी फट ठेवली, तिच्यातून सांगलीच्या किंवा मुंबईच्या माणसाने सुटीचा बंगला उभा करणे हा अधिसूचनेचा हेतू कधीच नव्हता. भूजल उपसायचे तेही त्या जागेवर राहणाऱ्याच्या घरगुती वा शेतीच्या गरजेपुरते. तीव्र उतार, झाडतोड, डोंगरकापणी यांवरही बंधने आहेत, आणि देखरेखीसाठी उच्चस्तरीय सनियंत्रण समिती नेमण्याची पद्धत आहे.

राज्याने २०२० मध्ये जवळपास सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच बांधकाम नियमावली केली, तेव्हा गिरिस्थान नगरपरिषदा आणि केंद्राने जाहीर केलेली संवेदनशील क्षेत्रे तिच्यातून वगळली. साताऱ्यात किंवा सांगलीत जे चटईक्षेत्र मिळते त्या हिशेबाने महाबळेश्वरचा प्लॉट कुणी विकत असेल, तर तो हिशेब तिथे लागूच नाही. ‘मंजुरी निघेल, वरपर्यंत ओळख आहे’ हे वाक्य विक्रीच्या बोलण्यात वारंवार येते. मंजुरी निघालेली असेल तर कागद दाखवता येतो; ओळख सांगावी लागत नाही.

नियम कडक असूनही बांधकामे झालीच. वेण्णा तलावाच्या परिसरापासून लिंगमळा-भिलारच्या रस्त्यांपर्यंत नोटिसा, पाडकाम, पुन्हा बांधकाम हे चक्र चालू आहे. शेतघर म्हणून परवानगी, वापर हॉटेलचा, असे प्रकार साऱ्या तालुक्याला माहीत आहेत. या अंमलबजावणीत मला एक अन्याय दिसतो. स्ट्रॉबेरीवर संसार करणाऱ्या शेतकऱ्याने रानात चार खोल्या काढल्या तर त्याच्यावर नोटीस लवकर येते, कारण तो तिथेच सापडतो. मोठ्या रिसॉर्टच्या मालकाकडे वकील असतो, मुदत असते, स्थगिती असते. भिलारमध्ये २०१७ च्या मे महिन्यात ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले, घराघरांत पुस्तके आणि पाहुणे आले. त्या धर्तीवर स्थानिकांच्या घरात मुक्कामाची सोय वाढली असती तर बाहेरच्यांना जमीन विकण्याचा मोह पुष्कळ कमी झाला असता. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते ज्या मातीला मिळाले ती माती आज गुंठ्याच्या भावाने मोजली जाते.

महाबळेश्वर-पाचगणीत दार अरुंद झाले तसा बाजार शेजारी सरकला. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले आणि फुलांच्या हंगामात हजारो माणसे येऊ लागली. त्यांच्या मागोमाग यवतेश्वर ते कास या रस्त्यावर हॉटेले, तंबू, बंगले उभे राहिले. यातल्या कित्येकांना जिल्हा प्रशासनाने अनधिकृत म्हणून नोटिसा दिल्या आहेत. याच भागातला कास तलाव १८८० च्या दशकात बांधला गेला आणि तेव्हापासून सातारा शहराला पाणी देतो. या पाणलोटातल्या प्रत्येक शोषखड्ड्याचा आणि सांडपाण्याच्या नळाचा संबंध साताऱ्यातल्या घरातल्या माठाशी आहे. रस्त्याकडेच्या खोल्या मोजताना ही गोष्ट कुणी मोजत नाही.

आता कायद्याच्या मुख्य अडचणीकडे येऊ. डोंगरावर विकायला निघालेली बहुतेक जमीन शेतजमीन आहे. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही. सांगली-कऱ्हाडकडच्या माणसाला ही अडचण बहुधा नसते, कारण वाडवडिलांच्या सातबारावर त्याचे नाव असते. पुण्या-मुंबईच्या ज्या ग्राहकाला तसे नाव नसते, त्याला शेतकरी असल्याचा दाखला ‘मिळवून देणारे’ भेटतात. तो खोटा निघाला तर तहसीलदार कलम ८४-क खाली चौकशी करून व्यवहार अवैध ठरवू शकतात आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. दाखला देणारा तोवर गावात नसतो.

दुसरी अडचण तुकडेबंदीची. १९४७ च्या कायद्याने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकायला मनाई आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राज्याने बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ही किमान मर्यादा ठरवली. २०२५ मध्ये निवासी वापराच्या क्षेत्रांसाठी तुकडेबंदीत मोठी सूट आली. एजंट त्या बातमीचे कात्रण खिशात ठेवून फिरतात. परंतु ही सूट ज्या जमिनीला आराखड्यात निवासी वा तत्सम वापर दाखवला आहे, तिच्यासाठी आहे. डोंगरउतारावरचा वरकस गट तिच्यामुळे बिनशेती होत नाही.

मग दोन-पाच गुंठे विकतात कसे? मोठ्या गटातला अविभक्त हिस्सा देतात. दहा-पंधरा अनोळखी माणसांची नावे एका सातबारावर सामाईक चढतात, प्रत्येकाला खुंट्या ठोकून ‘तुमचा प्लॉट’ दाखवला जातो. या खुंट्यांना कागदावर अस्तित्व नसते. उद्या एकाने वाटपाचा दावा लावला, एकाच्या हिश्श्यावर बँकेचा बोजा चढला, की सगळ्यांची नावे अडकतात. काही ठिकाणी तर खरेदीखतही नसते. नोटरी केलेले साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र एवढ्यावर पैसे घेतले जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितले की अशा कागदांनी स्थावर मिळकतीची मालकी मिळत नाही. त्यानंतरही ही पद्धत बंद झालेली नाही.

‘फार्महाऊस प्लॉट’ या शब्दातच खोट आहे. शेतघर हे शेती करणाऱ्याच्या सोयीसाठी असते आणि त्यासाठी साधारण एकरभर म्हणजे ०.४ हेक्टर जमीन लागते. दहा गुंठ्यांत शेतघराची परवानगी मिळेल असे सांगणारा माणूस ज्यासाठी पैसे घेतो आहे ते देऊच शकत नाही. शिवाय अनेक प्लॉट पाडून विकणारा प्रकल्प पाचशे चौरस मीटरच्या पुढे गेला की त्याची महारेराकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारला की संभाषण बऱ्याचदा तिथेच थांबते.

सातबारा वाचायला शिकावे हे मी प्रत्येकाला सांगतो, आणि डोंगरावरचा सातबारा तर दोनदा वाचावा. भोगवटादार वर्ग-२ असे असेल तर जमीन सरकारी परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. देवस्थान इनामाची जमीन पुजाऱ्याच्या नावे दिसली तरी पुजारी ती विकू शकत नाही; मालक देव आहे. कुळाला मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ ची अट असू शकते. इतर हक्कांच्या रकान्यात ‘पुनर्वसनासाठी राखीव’, ‘खाजगी वन’, ‘वारसनोंद प्रलंबित’ असे तीन-चार शब्द असतात आणि त्या शब्दांत सगळा व्यवहार बुडू शकतो. पोटखराबा किती आहे तेही पाहावे. कागदावर दोन एकर असतात, त्यातला दीड एकर कातळाचा सडा निघतो. तिथे पावसाळ्यात चार महिने फुले असतात आणि उरलेल्या आठ महिन्यांत गवतही नसते. फेरफार जुन्यापासून काढावेत, निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा, भूमी अभिलेख खात्याकडून हद्दीची मोजणी करून घ्यावी आणि रस्ता कुणाच्या बांधावरून जातो हे प्रत्यक्ष चालून पाहावे. विकणाऱ्याच्या ओळखीतला वकील करू नये.

हे सगळे दक्ष ग्राहकाच्या बाजूने झाले. पण या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते : विकणारा कोण आहे? कोयनेच्या पाणफुगवट्याच्या दोन्ही काठांवरची गावे, सोळशी आणि कांदाटी खोरे, बामणोली, तापोळा, यांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत काय सोसले ते महाराष्ट्र विसरला आहे. १९६० च्या दशकात कोयना धरण झाले. भाताची खाचरे, देवळे, गावे शिवसागराखाली गेली. अनेक कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत गेली, काही वर डोंगरावर सरकली आणि पिढ्यान्‌पिढ्या पुनर्वसनाची वाट पाहत राहिली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. पुढे १९८५ मध्ये अभयारण्य आले, २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गावातली कर्ती माणसे मुंबईला गिरणीत, गोदीत, माथाडीत गेली. घरात म्हातारी माणसे राहिली, सातबारावर आजोबांचे नाव राहिले. ज्या गावाला दवाखान्यासाठी लाँचची वाट पाहावी लागते, तिथे कुणी रोख पैसे घेऊन आले तर हो म्हणणाऱ्याला दोष कसा द्यायचा?

२०२४ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातल्या कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणी गावाचे नाव राज्यभर झाले. गुजरातमध्ये सेवेत असलेल्या एका वरिष्ठ कर अधिकाऱ्याने आणि नातेवाइकांनी तिथली सहाशेहून अधिक एकर जमीन घेतल्याचा आरोप सामाजिक कार्यकर्त्यांनी केला. जिल्हा प्रशासनाने कमाल जमीन धारणा कायद्याखाली नोटिसा काढून सुनावणी सुरू केली आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेतली. १९६१ च्या त्या कायद्याप्रमाणे कोरडवाहू जमिनीचीही कमाल मर्यादा ५४ एकर आहे. या प्रकरणाचा निकाल काहीही लागो, एक गोष्ट त्यातून उघड झाली. गाव जवळजवळ रिकामे होते, वारस विखुरलेले होते, आणि आपली जमीन किती आणि कुठे आहे हे सांगणारे कुणी गावात नव्हते. जमीन अशा अवस्थेत असते तेव्हाच ती स्वस्त मिळते. स्वस्त जमिनीचे कौतुक करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

याच टापूत सरकारचा ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्प येतो आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले गेले, पुढे प्रारूप विकास आराखडा आला, गावे वाढवण्याचे ठरले. या घोषणेने दोन गोष्टी झाल्या. स्थानिकांना रस्ते, पूल, रोजगार यांची आशा वाटली. ती खरी आहे आणि तिची टिंगल करण्याचा अधिकार रस्ता असलेल्या गावातल्या कुणालाही नाही. आणि आराखडा येण्याआधीच जमिनीचे दलाल गावोगाव पोचले. नकाशात आपली जमीन पिवळी होणार की हिरवी, हे शेतकऱ्याला कळण्याआधी ज्याला कळते तो श्रीमंत होतो. आराखडा अंतिम होऊन वापर निश्चित झाल्याखेरीज या गावांत घेतलेली जमीन हा निव्वळ अंदाज आहे. त्यावर पश्चिम घाटाच्या मसुदा अधिसूचनेची टांगती तलवार वेगळीच. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा, पहिला मसुदा २०१४ चा आणि ३१ जुलै २०२४ चा सहावा. या ताज्या मसुद्यात महाराष्ट्राचे सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. सामान्य घरावर त्याने गदा येत नाही. खाणी, अतिप्रदूषक उद्योग, वीस हजार चौरस मीटरहून मोठी बांधकामे आणि नवी उपनगरे यांना मनाई येते. दहा वर्षे मसुद्यावर मसुदा काढत राहून सरकारांनी दलालांना मात्र मोकळे रान दिले.

सांगली जिल्ह्याकडे डोंगर थोडा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. दंडोबा, सागरेश्वर ही फिरायची ठिकाणे. जमिनीचा बाजार आहे तो शिराळा तालुक्याच्या पश्चिमेला. वारणेचे चांदोली धरण, त्याच्यामागे राष्ट्रीय उद्यान, आणि वर गुढे-पाचगणीचे पठार. या पठाराने जमिनीचा पहिला बाजार पवनचक्क्यांच्या वेळी पाहिला. वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर इथेही तेच झाले. शेतकऱ्याने सडा कवडीमोलाने दिला आणि मधल्या माणसाने कंपनीला चढ्या दराने विकला, अशा तक्रारी त्या काळात सगळीकडून आल्या. आता त्याच पठारांवर हवा विकण्याऐवजी दृश्य विकले जाते. चांदोलीच्या आसपास घेणाऱ्याने व्याघ्र प्रकल्पाचे बफर क्षेत्र आणि उद्यानाचे संवेदनशील क्षेत्र कुठपर्यंत येते ते वनखात्याकडून लेखी घ्यावे. शेजारी गवे, अस्वले, बिबटे आहेत आणि तिथे तेच जुने रहिवासी आहेत.

कागद शंभर टक्के चोख असले तरी डोंगर उरतोच. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २०२१ च्या जुलैत २२-२३ तारखेला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वस्त्यांवर दरड कोसळली आणि झोपेतली माणसे गाडली गेली. महाबळेश्वर-तापोळा, आंबेनळी घाट हे रस्ते ठिकठिकाणी वाहून गेले. माथ्यावर जांभ्या दगडाचा थर, खाली बेसाल्ट. जांभा पाणी पितो, पाणी झिरपत त्या दोन थरांच्या सांध्याशी येते आणि तिथून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. जेसीबी लावून उताराला पायरी पाडली, प्लॉटपर्यंत रस्ता कापला, की तो सांधा उघडा पडतो. झरा वाट बदलतो किंवा उतार सुटतो. राज्याच्या नियमावलीत एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर विकासाला मनाई आहे ती याच कारणाने. आणि ज्या ठिकाणाहून दृश्य सर्वांत सुंदर दिसते तो उतार बहुधा याहून तीव्रच असतो.

एवढ्या पावसाच्या मुलखात मार्च-एप्रिलमध्ये पाणी आटते हे बाहेरच्या माणसाला खरे वाटत नाही. जावळी-महाबळेश्वरच्या कित्येक वाड्या उन्हाळ्यात टँकरवर असतात. धरण डोळ्यांसमोर, पण ते पाचशे फूट खाली, आणि त्यातले पाणी उचलण्याचा हक्क वेगळा. अशा वाडीच्या झऱ्याच्या वर कुणी बोअर मारून बागेला पाणी दिले, तर वाडीतल्या बाईची खेप लांबते.

सांगलीकर म्हणून मला आणखी एक सांगायचे आहे. कृष्णा, कोयना आणि वेण्णा याच माथ्यावर उगम पावतात आणि खाली येऊन एक होतात. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. वरच्या बंगल्यांमुळे पूर आला असे म्हणणे चूक ठरेल. पावसाचे प्रमाण, धरणांतून सोडलेले पाणी आणि आपणच पूररेषेत केलेली बांधकामे ही मोठी कारणे. पण माथ्यावरची झाडी आणि माती पाणी थोडे धरून ठेवते आणि गाळ अडवते, हे प्राथमिक शाळेत शिकवलेले सत्य आहे. पुराला कंटाळून ‘वर’ जागा घेणारा सांगलीकर स्वतःच्याच नदीच्या उगमाशी खोदकाम करतो आहे.

इतरांनी काय केले? हिमाचल प्रदेशाने १९७२ च्या कायद्यातल्या कलम ११८ ने राज्यातल्या बिगरशेतकऱ्यावरही बंधन घातले आणि ते आजवर टिकवले. उत्तराखंडाने बरीच वर्षे सैल सोडून शेवटी २०२५ मध्ये अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतजमीन विकण्यावर बंदी आणली. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ च्या सार्वमताने ठरले की कुठल्याही गावात सुटीची घरे एकूण घरांच्या वीस टक्क्यांपुढे जाऊ नयेत. कारण वर्षातले दहा महिने बंद खिडक्यांची गावे त्यांनी पाहिली होती. आपल्याकडे याउलट लवासा झाले. मुळशीच्या डोंगरात पहिले खाजगी गिरिनगर म्हणून गाजावाजा झाला, २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. हप्ते भरणाऱ्यांनी घराऐवजी न्यायाधिकरणाच्या तारखा मोजल्या. तिथे तर मोठी कंपनी होती, मंजुऱ्या होत्या. कासच्या रस्त्याकडेला फलक लावणाऱ्याकडे त्यातले काय आहे?

तरीही कुणाला घ्यायचेच असेल तर घाटाखाली पाहावे. वाई, मेणवली, भुईंज, मेढा, शिराळा गाव, इथे गावठाणात विकाऊ वाडे आणि घरे असतात, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचे पाणी असते, शेजार असतो, आणि डोंगर अर्ध्या-एक तासावर असतो. पाचगणीत जुन्या, भोगवटा प्रमाणपत्र असलेल्या इमारतीतला फ्लॅट हाही बरा पर्याय आहे. दर जास्त वाटेल, पण त्यात कायद्याने बांधता येते ते बांधून झालेले असते. आणि वर्षातले दहा-पंधरा दिवसच राहायचे असेल, तर तापोळ्यात, भिलारमध्ये, बामणोलीत घरगुती मुक्कामाची सोय आहे. कृषी पर्यटनाचे धोरण राज्याने २०२० मध्ये केले, शेतकऱ्याला स्वतःच्या रानात पाहुणे ठेवता येतात. त्या भाड्याने त्याची जमीन त्याच्याकडे राहते.

सरकारकडे मागण्या दोनच आहेत. नवीन महाबळेश्वरच्या गावांत आराखडा अंतिम होईपर्यंत गेल्या दहा वर्षांतले सगळे मोठे जमीनव्यवहार तपासून गावनिहाय यादी चावडीवर लावावी. आणि कोयनेच्या ज्या कुटुंबांचे पुनर्वसन अजून कागदावर आहे, ते पूर्ण केल्याशिवाय त्या काठावर एकाही नव्या रिसॉर्टला परवानगी देऊ नये. वाचकांना विनंती एवढीच, की विसार देण्याआधी त्या गावात एक पावसाळी आणि एक एप्रिलमधला दिवस काढा, सातबारावरच्या प्रत्येक नावाचा माणूस प्रत्यक्ष भेटवायला सांगा. तो भेटला नाही, तर पैसे देऊ नका.